दुहेरीतून नाव काढू नका

टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींच्या सर्व पालकांना,



गेल्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलींच्या एका स्पर्धेत पाहिलेला प्रसंग आधी सांगते. शनिवारची दुपार होती. तीन नंबरच्या कोर्टवर दुहेरीचा सामना लागला होता आणि एक मुलगी अर्धा तास आधीच बाकावर येऊन बसली होती. तिनं रॅकेटची जुनी ग्रिप सोडली, नवी पांढरी ग्रिप ओढून ओढून गुंडाळली, शेवटचं टोक चिकटपट्टीनं नीट बसवलं आणि फाटकाकडे बघत राहिली. तिची जोडीदार येणार नव्हती. ती सकाळी एकेरीत हरली होती, आणि तिच्या वडिलांनी ‘पोटात दुखतंय’ असं रेफ्रींना सांगून गाडी काढली होती. रेफ्रींनी कागदावर ‘वॉकओव्हर’ लिहिलं. ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मॅडम, मी एकटी खेळले तर चालेल का?”

हे पत्र मी त्या प्रश्नामुळे लिहिते आहे. मी अकरा वर्षं स्पर्धांमध्ये खेळले, त्यातली बहुतेक दुहेरी. आता सोळा वर्षं शिकवते आहे. या सोळा वर्षांत असे वॉकओव्हर मी इतके पाहिले, की त्यांचं मला काही वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी वाटलं.

त्या वडिलांवर माझा राग नाही. सोमवारी शाळा, पुढे चार तासांचा रस्ता, हॉटेलात आणखी एका रात्रीचं भाडं, हे सगळं मला कळतं. माझे वडील बँकेत कारकून होते. मिरजेहून पुण्याला स्पर्धेसाठी यायचं म्हणजे घरात आठवडाभर आधी हिशोब व्हायचा. पण प्रवेश अर्जावर दोन नावं लिहिली जातात, तेव्हा आपण आणखी एका मुलीला शब्द देत असतो. आपली मुलगी एकेरीत हरली म्हणून तो शब्द मागे घेता येत नाही. ती रडत असेल, तर दोन तास रडू द्या. मग वरणभात खाऊ घाला आणि कोर्टवर पाठवा. हरल्याच्या दिवशीच दुसऱ्या कुणासाठी खेळायला उभं राहणं हे मला माझ्या सगळ्या शिबिरांतल्या सगळ्या ड्रिल्सपेक्षा मोठं शिक्षण वाटतं.

तुमचा हिशोब कुठून येतो, हेही मला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या ज्युनिअर क्रमवारीत एकेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांचे पूर्ण गुण धरतात, आणि दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांचे फक्त २५ टक्के. म्हणजे नियमानंच दुहेरीला रुपयातले चार आणे दिले आहेत. पालक हुशार असतात. चार आण्यांसाठी हॉटेलची रात्र कशाला, असं ते म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे चार आणे क्रमवारीचे आहेत. मुलाच्या खेळाचा भाव त्यावरून ठरवू नका.

आता दुसरी गोष्ट. हिच्याबद्दल मी बरीच वर्षं गप्प राहिले.

एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे पहिल्यांदा आले. मी मुलाला वीस मिनिटं खेळवलं. त्याची सर्व्हिस चांगली होती, पाय मात्र जड होते. मग आम्ही बोलायला बसलो. त्यांचा पहिला प्रश्न होता : “मॅडम, तुमचं स्वतःचं एकेरीतलं रँकिंग किती होतं?” मी खरं ते सांगितलं. एकेरीच्या यादीत माझं नाव काही महिनेच होतं, दुहेरीत मी पाचशेच्या आत होते. त्यांनी मान हलवली, चहा संपवला आणि दुसऱ्या आठवड्यात मुलाला दुसरीकडे नेलं. पुढे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला अनेकदा आला. ‘म्हणजे तुम्ही फक्त दुहेरी खेळलात?’ हा त्यातला सर्वांत सभ्य. त्यातल्या ‘फक्त’वर मला बोलायचं आहे.

वयाच्या अठराव्या वर्षी मी झेलम एक्स्प्रेसनं दिल्लीला गेले, आर. के. खन्ना स्टेडियमवर दहा हजार डॉलरची स्पर्धा खेळायला. एकेरीच्या पात्रता फेरीत पहिल्याच दिवशी हरले. परतीचं तिकीट पाच दिवसांनंतरचं होतं. दुहेरीच्या नोंदणीचा कागद रेफ्रींच्या टेबलावर असायचा आणि ठरलेल्या वेळेआधी दोघींनी सही करावी लागायची. त्या टेबलाभोवती जोडीदार शोधत उभ्या असलेल्या मुलींचे चेहरे मला अजून आठवतात. दोघींचं रँकिंग एकत्र धरून प्रवेश मिळायचा, त्यामुळे रँकिंग नसलेल्या मुलीकडे कुणी वळून बघत नसे. नोंदणी बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती. तेव्हा मध्य आशियातून आलेली, इंग्रजी जवळजवळ न येणारी एक उंच मुलगी माझ्यापाशी आली, स्वतःकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. आम्ही सही केली. आमच्या दोघींच्या मिळून भाषेत चारच शब्द होते : माइन, युअर्स, स्विच, अप. त्या चार शब्दांवर आम्ही उपांत्य फेरी गाठली.

माझी कारकीर्द ही अशी. पुढच्या नऊ वर्षांत मी किती जणींबरोबर खेळले, ते मोजावं लागेल. काहींचा बॅकहँड इतका कच्चा होता, की पूर्ण सामनाभर मी त्यांची बाजू झाकली. काहींनी माझी दुसरी सर्व्हिस सांभाळून घेतली. एकीचं वडिलांशी फोनवर भांडण झालं होतं. ती पहिल्या सेटमध्ये चेंडूकडे बघतच नव्हती. बाजू बदलताना मी तिच्याशी काय बोलले आणि काय बोलले नाही, यावर तो सामना फिरला. खांदा गेल्यावर सत्ताविसाव्या वर्षी मी थांबले. एका क्लबवर सकाळी महिलांच्या बॅचला चेंडू टाकायचं काम मिळालं. क्लबवर असं काम करणाऱ्या पुरुषांना मार्कर म्हणतात. मला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मी ‘टेनिसच्या ताई’ झाले. तिथूनच शिकवायला लागले. समोरच्या माणसाचं आज काय बिनसलंय हे ओळखून त्याच्याकडून खेळ करून घ्यायचा, ही शिकवण्यातली अर्धी विद्या. ती मी दुहेरीतच शिकले. एकेरीत मला ती कुणी शिकवली नसती, कारण एकेरीत पलीकडच्या माणसाचं बिनसलेलं आपल्याला हवंच असतं.

जगाचं उदाहरण हवं असेल, तर डेव्हिड मॅकफर्सन यांचं घ्या. टास्मानियाचा हा डावखुरा खेळाडू एटीपीच्या व्यावसायिक दौऱ्यावर दुहेरीतच नावारूपाला आला, आणि दुहेरीची १६ विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. नंतर ते ब्रायन बंधूंचे प्रशिक्षक झाले. बॉब आणि माइक ब्रायन यांनी जोडीनं १६ ग्रँड स्लॅम आणि एकूण ११९ विजेतेपदं जिंकली. त्यांच्या बहराच्या वर्षांत बाकावर मॅकफर्सन होते. पुढे जॉन इस्नरसारख्या एकेरीतल्या खेळाडूलाही त्यांनी शिकवलं. पॉल ॲनाकोन यांनी १९८५ मध्ये क्रिस्तो व्हान रेन्सबर्गबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली होती. पीट सॅम्प्रसचा उत्तरार्ध आणि नंतर रॉजर फेडररची काही वर्षं त्यांच्या देखरेखीखाली गेली. सॅम्प्रसला ॲनाकोनच्या आधी शिकवणारे टिम गुलिक्सन आपल्या जुळ्या भावाबरोबर १९८३ मध्ये विम्बल्डन दुहेरीच्या अंतिम फेरीत होते. ॲनाकोन आणि गुलिक्सन एकेरीतही उत्तम खेळायचे, ते मी लपवत नाही. पण सॅम्प्रसला त्यांची दुहेरी अडचणीची वाटली नाही. तुम्हालाही वाटू नये, एवढीच विनंती.

आणि आपल्या देशाचं तर बघा. खुल्या गटात भारतीय खेळाडूंनी जिंकलेलं प्रत्येक ग्रँड स्लॅम विजेतेपद दुहेरीतलं किंवा मिश्र दुहेरीतलं आहे. पहिलं १९९७ मध्ये महेश भूपतीनं रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत मिळवलं. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यातल्या दोन जिंकले. सानिया मिर्झा २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली झाली, आणि मार्टिना हिंगिसबरोबर तिनं सलग ४१ सामने जिंकले. रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती. त्यानं अय्यंगार योगाचा आधार घेतला आणि ४३व्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून तो जगात पहिला झाला. आपल्याच मातीतली नावंही घ्या. पुण्याचा नितीन कीर्तने १९९२ मध्ये भूपतीबरोबर विम्बल्डनच्या ज्युनिअर दुहेरीच्या अंतिम फेरीत होता. गौरव नाटेकर १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये पेसबरोबर सुवर्णपदक घेऊन आला. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४ मध्ये इंचॉन एशियाडमध्ये सानियाबरोबर कांस्यपदक जिंकली आणि दोन वर्षांनी तिच्याबरोबरच रिओ ऑलिंपिकमध्ये उतरली. ऋतुजा भोसलेनं २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडमध्ये बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ असा गेल्यावर दुसरा ६-३ नं घेतला आणि सुपर टायब्रेक १०-४ नं. तो टायब्रेक तुमच्या मुलींना एकदा दाखवा. पॉइंट कोणी मारला, ते बघायची गरज नाही. दोन पॉइंटच्या मध्ये ती दोघं किती वेळा एकमेकांजवळ येतात, तेवढं बघा.

आता पैशाचं. तुम्ही विचाराल, म्हणून मीच सांगते. दुहेरीत पैसा कमी आहे. ज्या ऑस्ट्रेलियन ओपनचं वर सांगितलं, तिथे २०२४ मध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले आणि दुहेरीच्या जोडीला ७.३ लाख, तेही दोघांत वाटून. खालच्या पायरीवर तर आणखी वाईट. २०१९ मध्ये माझा एक विद्यार्थी १५ हजार डॉलरच्या स्पर्धा खेळायचा. तिथे एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर आणि दुहेरीच्या विजेत्या जोडीला ९३० मिळायचे. जिंकूनही ४६५ डॉलर. त्यात विमानाचं तिकीट निघत नाही. दुहेरी खेळून तुमची मुलं श्रीमंत होतील असं मी सांगणार नाही. पण तुमच्यातले बरेच जण मुलांना अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवायची स्वप्नं बघतात. तिथल्या कॉलेज टेनिसमध्ये सामन्याची सुरुवातच दुहेरीनं होते. तीन दुहेरीचे सामने, त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण, आणि मग सहा एकेरी. पहिला गुण कोणाकडे गेला, यावर पुढची सगळी दुपार ठरते. ऋतुजा टेक्सास ए अँड एममध्ये खेळली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये. तोच अर्जुन २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीत एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद जिंकला.

काही लहान विनंत्या भराभर करते. सामना झाल्यावर ‘तुझे किती पॉइंट गेले आणि तिचे किती’ असा हिशोब गाडीत मांडू नका. व्हॉट्सॲपवर परस्पर जोडीदार बदलू नका. बदलायचीच असेल, तर आधी मुलीला त्या मुलीशी समोरासमोर बोलू द्या. दुसऱ्याच्या मुलाकडून डबल फॉल्ट झाला, तर जाळीमागून उसासा टाकू नका. तो त्याला ऐकू जातो. आणि महिनाअखेरीस ‘त्या दिवशी ती फक्त दुहेरी खेळली, तेवढी फी कमी करा’ असं म्हणू नका. मला असं दोनदा सांगण्यात आलं आहे. मी फी कमी केलीही. त्या रात्री झोप लागली नाही, तीही पैशामुळे नाही.

फी कमी केलेल्या त्यातल्या एका दिवशी आम्ही काय केलं होतं, ते सांगते, म्हणजे ‘फक्त’मध्ये काय असतं ते कळेल. तेरा वर्षांच्या दोन मुली. एकीला सर्व्हिस करायला उभं केलं आणि दुसरीला नेटजवळ, मधल्या रेषेवर, गुडघ्यात वाकवून. नेट मध्यभागी तीन फूट उंच. ही मुलगी त्याच्याही खाली दिसेल इतकी वाकलेली. मागून येणारी सर्व्हिस तिच्या डोक्यावरून जाणार. याला आय फॉर्मेशन म्हणतात. तिनं डावा हात पाठीमागे नेऊन खूण करायची : मूठ म्हणजे मी जागेवरच आहे, उघडा पंजा म्हणजे मी पलीकडे धावणार, तू माझी रिकामी झालेली बाजू झाक. पहिल्या पाच सर्व्हिसना ती मुलगी दर वेळी मान आत ओढून घेत होती, चेंडू डोक्याच्या मागे लागेल म्हणून. सर्व्हिस करणारीही घाबरली होती. ती चेंडू हळू टाकत होती आणि समोरचा मुलगा तो सरळ मारत होता. मी काहीच बोलले नाही. सहाव्या वेळी पुढची मुलगी मागे वळली आणि म्हणाली, “जोरात कर गं. नाही लागणार मला.” सर्व्हिस जोरात आली, पंजा उघडा होता. रिटर्न नेटवर येताच ती आडवी धावली आणि व्हॉली पलीकडच्या दोघांच्या मधोमध मारली. मागची मुलगी न सांगता तिच्या सोडलेल्या बाजूला पोहोचलेली होती.

हे शिकवायला मला सव्वा तास लागला. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, दुहेरीचं ३६. वाढलेले नऊ फूट दोघांत वाटायचे, त्यात कुणाचे किती हे रेषा सांगत नाही. दर पॉइंटला नव्यानं ठरवावं लागतं. शिवाय २००६ पासून एटीपीच्या दुहेरीत ड्यूसला एकच निर्णायक पॉइंट असतो, आणि रिटर्न कोणी करायचा ते घेणारी जोडी ठरवते. ‘मी घेते’ असं म्हणायला जी मुलगी शिकते, ती एकेरीतही ४०-४० ला हात आखडत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. व्हॉली, ओव्हरहेड, दुसऱ्या सर्व्हिसवर आत येऊन घेतलेला रिटर्न, यातलं जे एकेरीत बेसलाइनवर राहून मुलं टाळतात, ते दुहेरीत त्यांना टाळता येत नाही.

२०१९ च्या जानेवारीत मी आठ मुलांना घेऊन बालेवाडीला महाराष्ट्र ओपनची दुहेरीची अंतिम फेरी बघायला गेले होते. बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले. प्रत्येकाला एक वही दिली होती. चेंडू बघायचा नाही, सर्व्हिस झाल्यावर नेटवरचा माणूस कुठे हलतो तेवढंच लिहायचं. बाण काढून काढून पानं भरली. एका मुलानं सामना संपताना विचारलं, “मॅडम, हे दोघं इतक्या वेळा हललेत, पण चेंडू तर थोडाच लागलाय त्यांना?” त्याला त्या दिवशी जे दिसलं, ते शिकवायला मला एरवी एक वर्ष लागलं असतं. ती स्पर्धा आता पुण्यात होत नाही, पण त्याच्या वहीतले बाण मी अजून नव्या मुलांना दाखवते.

शेवटची आणि सर्वांत मोठी विनंती. दुहेरी खेळून प्रशिक्षक झालेले माझ्यासारखे अनेक जण तुमच्या गावात असतील. नाशिकला, कोल्हापूरला, सोलापूरला, नागपूरला. त्यांच्या भिंतीवर मोठे चषक नसतील आणि गुगलवर त्यांचं नाव एखाद्या जुन्या निकालात, तेही दुसऱ्या नावाच्या शेजारी, सापडेल. त्यांना एकेरीचं रँकिंग विचारण्याआधी एक तास त्यांच्या कोर्टवर बसा. ते हरणाऱ्या मुलाशी काय बोलतात, ते ऐका. दोन भांडलेल्या मुलांना ते पुन्हा एका बाजूला कसं उभं करतात, ते बघा. मग ठरवा. तुम्ही मूल घेऊन गेलात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही. आम्हाला बघितल्याशिवाय नेता, त्याचं वाटतं.

त्या शनिवारी बाकावर बसलेल्या मुलीला मी एकटं खेळू देऊ शकत नव्हते. मी रेफ्रींकडून कोर्ट अर्धा तास मागून घेतलं, माझी रॅकेट काढली आणि तिच्या बाजूला उभी राहिले. पलीकडे वॉकओव्हर मिळालेली जोडी आनंदानं आली. आम्ही तो सेट ४-६ नं हरलो. समोरची जोडी ५-४ नं पुढे असताना, ड्यूसवर, मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “मी घेते.” तिचा रिटर्न नेटमध्ये गेला. ती माझ्याकडे वळली, आणि मी काही बोलायच्या आत तिनंच हात पुढे केला.

दर रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या पाच नंबरच्या कोर्टवर दुहेरीची बॅच असते. मूल एकटं आलं तरी चालेल, जोडीदार मी देईन. पालकांसाठी या वेळी मी खुर्च्या बेसलाइनच्या मागे न ठेवता नेटच्या बाजूला ठेवल्या आहेत. तिथून खुणा दिसतात.

आपली,
मिरजेहून पुण्यात आलेली एक टेनिस प्रशिक्षक